लॅव्हेंडरची बाटली, दवण्याची काडी आणि नाईट ड्युटी

विचारा सिस्टरमावशींना

मागच्या अंकात नर्सेसच्या पाठदुखीवर लिहिलं, तर नंतर जे मेसेज आले त्यात पाठ राहिली बाजूला आणि निम्म्या जणींनी विचारलं ते सुगंधी तेलांचं. अरोमाथेरपी म्हणतात ते आपल्यासारख्या ड्युटीवाल्यांना खरंच उपयोगी पडतं का नुसता पैसे काढायचा धंदा. म्हणून ह्यावेळी सगळे प्रश्न वासाचेच घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, हॉस्पिटलांची तर नाहीच नाही, बेळगाव केवढंसं गाव, उद्या इनचार्ज सिस्टरच्या हातात अंक पडला की झालं.

प्रश्न : मावशी नमस्कार. मी बेळगावात एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे, वय २९, गाव खानापूर तालुक्यात. रोज बसने जाते-येते, कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट नाही पण बसायला जागा पण नाही, खानापूरपर्यंत उभंच. नाईट सलग सहा असतात, २४ बेड आणि आम्ही दोघी, त्यातल्या एकीला कधी आयसीयूला ओढून नेतात. पेशंटशी कन्नड बोलायचं, नोट्स इंग्लिशमध्ये, डॉक्टरांशी हिंदी, आणि घरी आल्यावर आई मराठीत विचारते जेवलीस काय, तर ती काय म्हणूलाली तेच दोन मिनिटं डोक्यात शिरत नाही. दिवसा झोप लागत नाही, पोरावर उगाच खेकसते मग वाईट वाटतं. माझ्या बॅचमेटने नोकरी सोडून सुगंधी तेलांचं नेटवर्क मार्केटिंग चालू केलंय, किट ₹३,८०० चं आहे, ती म्हणते लॅव्हेंडर कॉलरला लावलं की स्ट्रेस गायब आणि हे नर्सेसवरच सिद्ध झालंय. घेऊ का?
*(स्टाफ नर्स, खानापूर तालुका)*

उत्तर : आधी तुझ्या मैत्रिणीची बाजू घेते गं, कारण रिसर्चचं ती खोटं बोललेली नाही. तैवानमधल्या नर्सेसवरचा एक अभ्यास २०१५ साली छापून आलाय. ११० नर्सेस होत्या. साधारण निम्म्या जणींच्या युनिफॉर्मवर छातीला उजव्या बाजूला एक छोटी बाटली पिनने लावली, तिच्यात ३ टक्के लॅव्हेंडर तेल, आणि बाकीच्यांना तशीच बाटली पण बिनतेलाची. तीन-चार दिवसांत तेलवाल्यांची तणावाची लक्षणं सरासरी सहावरून तीनच्या आत आली, बिनतेलवाल्यांची होती तिथेच राहिली.

ऐकायला झकास आहे. पण आपल्या बाटलीला वासच येत नाही हे त्या दुसऱ्या बायकांना कळलं नसेल होय? पहिल्या मिनिटाला कळतंय की ते! गोळीची ट्रायल असली की साखरेची गोळी देऊन फसवता येतं, वासाच्या ट्रायलमध्ये नाकाला कसं फसवणार. मग बरं वाटलं ते तेलाने, का 'चला आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं' ह्या भावनेने, हे वेगळं काढायला जमत नाही. ऑस्ट्रेलियात इमर्जन्सीच्या नर्सेसवर असाच एक अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला, त्यात सुगंधी तेलाने मालिश आणि सोबत गाणी, सगळं एकदम. चिंता कमी झाली म्हणे. होणारच! ड्युटीत मला कुणी पंधरा मिनिटं मान चोळून दिली असती तर मी एरंडेलावरसुद्धा खूश झाले असते.

तर माझं मत असं, की वासाने थोडं बरं वाटतं, थोड्या वेळापुरतं वाटतं, जपून वापरलं तर अपायही फारसा नाही. पण ३,८०० रुपयांइतकं बरं वाटत नाही.

हा अरोमाथेरपी शब्द आला कुठून ते पण सांगते, मला मजा वाटते त्याची. रने-मोरिस गातफोसे नावाचा एक फ्रेंच केमिस्ट, अत्तरांच्या धंद्यातला माणूस, १९१० साली लॅबमध्ये स्फोट होऊन त्याचे हात भाजले, जखम सडायला लागली आणि त्याने ती लॅव्हेंडरच्या अर्काने धुतली आणि ती सुधारली असं त्याने लिहून ठेवलंय. १९३७ साली त्याने पुस्तक काढलं आणि हा शब्द त्या पुस्तकाने रूढ केला. म्हणजे बघ, मुळात ड्युटीवर भाजलेल्या माणसाची गोष्ट आणि ती पण जखमेची. स्ट्रेसबिस सगळं मागाहून चिकटलंय.

आता खरं काम काय होतं ते ऐक, कारण पैसे वाचवायची किल्ली इथेच आहे. डोळ्याने बघितलेलं, कानाने ऐकलेलं मेंदूत आधी एका जंक्शनवर थांबतं आणि मग पुढे जातं. वासाचं तसं नाही. नाकाच्या छतातनं निघालेली नस थेट त्या भागाला जाऊन भिडते जिथे भीती, माया, आठवणी बसलेल्या असतात. म्हणून वास आला की विचार यायच्या आधी पोटात कालवतं नाहीतर डोळ्यात पाणी येतं. आणि कुठला वास काय आणेल हे तो वास पहिल्यांदा कशाबरोबर घेतला त्यावर बरंच असतंय.

ह्याचा मला आयुष्यात एकदा चांगला फटका बसलाय. माझी आई दरवर्षी चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जायची आणि येताना दवणा आणायची, तो वाळवून लुगड्यांच्या ट्रंकेत. ट्रंक उघडली की आईच आल्यासारखी वाटायची. नोकरीला लागले तेव्हा पहिलं पोस्टिंग सर्जिकल वॉर्ड, डायबेटिसचे सडलेले पाय, सकाळी अकराच्या अकरा ड्रेसिंग, आणि मला तो वास सहन होईना म्हणून मी दवण्याची काडी युनिफॉर्मच्या खिशात ठेवायला लागले, मास्कच्या आड धरून हुंगायची आणि पुढच्या बेडला जायची. पंधरा-वीस दिवस बरं चाललं. मग सुट्टीला घरी गेले, आईने ट्रंक उघडली आणि मला भडभडून उलटी आली. दवण्याचा वास आला आणि समोर तो काळा पडलेला अंगठा! आईचा दवणा मी वॉर्डात नेऊन घालवला, परत मिळायला दोन वर्षं लागली.

म्हणून त्या तैवानच्या बाटलीबद्दल मला मुळातच शंका आहे. चार दिवस ठीक, पण चार महिने तोच वास सक्शन मशीनच्या आवाजात आणि बेडपॅनच्या शेजारी घेतलास तर लॅव्हेंडर म्हणजे वॉर्ड असं नाकात बसणार. तुझ्या-माझ्या नाकात तशी लॅव्हेंडरची आठवण असणार तरी कुठली, असलीच तर मॉलच्या बाथरूममधली.

तू उलटं कर. ड्युटीत काही लावायचं नाही. पुढच्या शिफ्टला ओव्हर दिला, हात धुतले, युनिफॉर्म काढून साधे कपडे घातले, की मग बाहेर पडताना तुझा असा एकच वास घ्यायचा, आणि तो वास दिवसात दुसऱ्या कुठल्याच वेळी घ्यायचा नाही. सोनचाफा असेल, मोगरा असेल, रुमालात बांधलेली वाळ्याची जुडी असेल, मरवा असेल, लहानपणी तुमच्या अंगणात जे होतं ते. पाच-सहा श्वास सावकाश, बाहेर सोडताना जास्त वेळ. खानापूरच्या बसमध्ये उभी असलीस तरी एका हाताने जमतंय. पंधरवड्यात नाकाला कळायला लागतं की हा वास म्हणजे सुटलो. मी पुढे सोनचाफ्यावर आले आणि सीझन नसला की वाळा, रिटायर होईपर्यंत तेच चाललं, वर्षाचा खर्च शंभर रुपये पण नसेल.

तरी तेलच हवं असेल तर किट नको, एकच १० मिलीची गडद काचेची बाटली घे, तिच्यावर झाडाचं शास्त्रीय नाव छापलेलं असावं, लॅव्हेंडर असेल तर लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया. 'थेरप्युटिक ग्रेड' लिहिलंय म्हणून भाळू नकोस, तसा दर्जा ठरवणारी कुठलीच सरकारी संस्था नाही, ते कंपन्यांनी आपणच आपल्याला दिलेलं सर्टिफिकेट आहे. अंगाला कधीच नुसतं लावायचं नाही, ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब, म्हणजे १ टक्का होतं, तेवढं पुरे. (खोबरेलात पण चालतं पण बेळगावच्या थंडीत ते गोठून बसतंय.) रुमालावर एक-दोन थेंब. पोटात घ्यायला मैत्रिणीने सांगितलं तर तिला आपला फार्मॅकॉलॉजीचा पेपर आठवून दे. आणि बाटली उघडून वर्ष उलटलं की टाकून दे, हवा लागून जुनं झालेलं लॅव्हेंडर तेल कातडीला जास्त खाजवतं आणि सॅनिटायझरने आपले हात आधीच फाटलेले असतात.

बाकी झोपेचं. पहाटे तीननंतर चहा बंद, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात आणि तू नऊला आडवी होतेस. घरी येताना काळा गॉगल घाल, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू म्हणतो दिवस उगवला. बसमधली बाई हसली तर हसू दे. आणि चोवीस पेशंटमागे दोघी, हे कुठल्याही तेलाने सुटणार नाही, त्याबद्दल खालच्या प्रश्नात बोलते कारण तो विचारलाय तुझ्यासारखीच्या बॉसने.

प्रश्न : मी एका खाजगी हॉस्पिटलची नर्सिंग सुपरिटेंडेंट आहे. यंदा १२ मेला नर्सेस डेच्या निमित्ताने मॅनेजमेंट स्टाफसाठी काही करायचं म्हणतंय. नर्सेस रूममध्ये आणि वॉर्डात स्टेशनजवळ अरोमा डिफ्यूजर (पाण्यात तेल घालून सुगंधी वाफारा सोडणारं यंत्र) बसवायची कल्पना आहे. कुठलं तेल चांगलं? साधारण बजेट काय धरावं?
*(बेळगाव)*

उत्तर : मॅडम, तुम्ही निदान विचारलंत, नाहीतर आमच्या वेळी नर्सेस डेला एक गुलाब आणि समोसा, आणि तो समोसा पण मॉर्निंगवाल्यांनाच. म्हणून राग मानू नका.

वॉर्डात अजिबात नको. तिथे दम्याचा पेशंट असतो, नुकताच भूल उतरलेला असतो, कुणाला वासाने अर्धशिशी उठते, आणि त्यांना तिथून उठून जाता येत नाही. ऑक्सिजनच्या आसपास तेलाचं काहीही नको हे तुम्हाला मी सांगायला नको. डिफ्यूजरच्या पाण्याची टाकी रोज कोण धुणार? वॉर्डातल्या कामवाल्या मावशी धुतील असं ठरतं आणि आठवड्याने तिच्यात बुळबुळीत थर येतो, मग तीच हवा सगळ्यांना. नर्सेस रूममध्ये पण एकीला आवडणारा वास दुसरीला नको असतो, आणि वास सतत राहिला की नाक काही मिनिटांत त्याला सरावतं आणि मग येईनासाच होतो, म्हणजे उपयोग संपला, तेल मात्र जळत राहिलं.

१२ मे हा ज्या बाईंचा वाढदिवस त्या नाइटिंगेल काय म्हणायच्या माहीत आहे? १८५९ साली त्यांनी नर्सिंगवर जे पुस्तक लिहिलं त्यात सगळ्यात पहिला नियम हवेचा, आतली हवा बाहेरच्या इतकी स्वच्छ पाहिजे. त्यात त्यांनी एका मोठ्या डॉक्टरांचा किस्सा दिलाय, ते वर्गात सांगायचे की धुरी देणं अत्यंत महत्त्वाचं आहे, कारण तिचा वास इतका भयानक असतो की झक मारत खिडकी उघडावी लागते. तर तुमच्या नर्सेस रूमला खिडकी आहे का ते आधी बघा. आमच्या एका जागी होती, पण तिच्यासमोर कपाट.

तेच बजेट घेऊन एक चांगली कॉट, गादी, जाड पडदा, आणि दाराला आतून कडी बसवा. रात्री दोन ते चारच्या मध्ये आळीपाळीने वीस मिनिटं पडायची लेखी परवानगी द्या, लेखीच द्या, तोंडी दिलं की राउंडला आलेला कोणीतरी फोटो काढतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं डोकं जड असतं तेवढ्यात इन्सुलिन भरायला लावू नका.

आणि स्टाफ. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्म्सप्रमाणे टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचमागे एक, वर सुट्ट्यांसाठी ३० टक्के जास्तीचा स्टाफ. आपल्याकडे काय असतंय ते तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटची जी व्याख्या धरली त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेचा सततचा ताण नीट न हाताळल्याने होणारी गोष्ट असं म्हटलंय. कामाची जागा म्हणजे तुमचा ड्युटी चार्ट आला त्यात. सलग सहाच्या तीन नाईट करता येतात का बघा, ते फुकट आहे. हे मॅनेजमेंटसमोर बोलणं अवघड आहे, मी केलंय आणि दोनदा तोंडावर पडलेय, तिसऱ्यांदा दोन पोस्ट मिळाल्या.

प्रश्न : मास्कच्या आत पेपरमिंट तेलाचा एक थेंब लावला की फ्रेश वाटतं, आमच्या ऑपरेशन थिएटरात दोघी-तिघी करतात. चालेल का? *(निपाणी)*

उत्तर : एन९५ असेल तर बिलकुल नाही. त्यातल्या 'एन'चा अर्थच मुळी 'नॉट रेझिस्टंट टू ऑईल'. मास्कच्या मधल्या थराला विजेचा भार दिलेला असतो, बारीक कण त्याला चिकटून अडकतात, तेलाने तो भार कमी होतो, मग तोंडावर नुसतं कापड राहिलं. सर्जिकल मास्कवर पण नको, दिवसभर नाकाच्या शेंड्याला आणि ओठाला घासून चट्टे उठतात. आणखी एक, हाताला तेल लावून लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज घालू नका, काही तेलांनी रबर कमजोर होतं आणि कुठे फाटलं ते दिसत पण नाही.

प्रश्न : तिसरा महिना चालू आहे, घरी सोडून वॉर्डात अजून कुणाला सांगितलेलं नाही. उलटीचा, फिनेलचा वास आला की मळमळतं. लिंबाचं तेल हुंगलं तर बाळाला काही होईल का? *(स्टाफ नर्स, चिकोडी)*

उत्तर : अभिनंदन गं! लिंबू हुंगायला काही हरकत नाही, पण तेलाची बाटली कशाला, अर्धं कापलेलं लिंबू डब्यात ठेव की. सुगंधी तेलं अंगाला चोळणं मात्र ह्या महिन्यांत नकोच.

आणि तुझ्या ट्रेमध्येच एक औषध पडलंय बघ, स्पिरिट स्वॅब. हसू नकोस. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर वासाचे जे उपाय करतात त्यांचा कॉक्रेनचा रिव्ह्यू (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) २०१८ साली आला, त्यात पेपरमिंटपेक्षा आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे त्या स्वॅबमधलं स्पिरिट, हुंगण्याच्या बाजूने पुरावा बरा निघाला. ते सगळं पेशंटवरचं आहे, गरोदर बाईवरचं नाही, त्यामुळे दिवसभर स्वॅब नाकाला लावून बसायचं नाही, आणि एकदा-दोनदा हुंगायचं तरी तुझ्या डॉक्टरांना विचारूनच. पाणी पण ठरत नसेल, वजन उतरत असेल, लघवी कमी होत असेल तर लगेच दाखव. आणि इनचार्जला सांगून टाक लवकर, एक्स-रे पोर्टेबल येतो तेव्हा तू बाजूला झालेली बरी आणि त्याचं कारण रोज नवीन किती शोधशील.

प्रश्न : मी शेती करतो, बायको नर्स आहे. नाईट करून आली की डोकं दुखतं म्हणून निलगिरी तेलाची वाफ घेते, बाम चोळते आणि खोलीत कापूर जाळते, म्हणते मन शांत होतंय. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याच्या गळ्यात पण आईने कापूर-ओव्याची पोटली बांधलीय. काही धोका नाही ना? *(अथणी तालुका)*

उत्तर : दादा, आहे. बायकोला नाही तेवढा मुलाला आहे, आणि आज संध्याकाळपर्यंत आवरा.

पोटली आधी काढा. कापराच्या एक-दोन वड्या तोंडात गेल्या तरी एवढ्या मुलाला फिट येऊ शकते, आणि दोन वर्षांचं पोर गळ्यात जे असेल ते चघळणारच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन वाढतो म्हणून ह्या पोटलीचे मेसेज फिरले होते, ऑक्सिजन काही वाढत नाही. आजीला समजवायचं अवघड असतं मला कळतंय, तर नुसत्या ओव्याची बांधा, तिचा पण मान राहतो, पण रात्री झोपताना तीही काढायची, दोरा गळ्यात नको.

निलगिरी तेल तर त्याहून वाईट कारण बाटली छोटी, झाकण सैल आणि रंग पाण्यासारखा. एक चमचा पोटात गेलं तरी मूल सुस्त पडतं, फिट येते, श्वास अडकतो. बेंगळुरूच्या न्यूरॉलॉजिस्ट लोकांनी तर निलगिरी-कापूर असलेल्या बाम आणि टूथपेस्टने मोठ्या माणसांनाही फिट आल्याच्या केसेस नोंदवल्यात. तेव्हा फिटचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर हे दोन्ही वास घरातच नकोत. कपाटात वर, कुलपात. आणि कधी चुकून प्यायलाच तर उलटी काढायला जाऊ नका, मीठ-पाणी पाजू नका, बाटली हातात घ्या आणि १०८ ला फोन करा.

बंद खोलीत कापूर, उदबत्ती जाळून धूरच छातीत जातो, डोकेदुखी त्याने वाढते कधीकधी. तिचं डोकं बहुतेक पाणी न पिण्याने दुखतंय. नाईटमध्ये आम्ही पाणी पीत नाही, कारण बाथरूमला जायला वॉर्ड सोडावा लागतो. ती घरी आली की आधी दोन तांबे पाणी आणि काहीतरी खायला द्या. तुम्हीच द्या.

प्रश्न : सगळे वासाबद्दल विचारतात, मला कोविडनंतर वासच येत नाही. कॉफी जळक्यासारखी लागते. वॉर्डात गळकं कॅथेटर पण कळत नाही, भीती वाटते. *(कारवार)*

उत्तर : स्मेल ट्रेनिंग म्हणून एक पद्धत आहे, जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल ह्यांनी २००९ मध्ये मांडली. चार वास, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद हळूच हुंगायचा आणि हुंगताना तो आधी कसा यायचा ते मनात आणायचं. कमीत कमी बारा आठवडे. पहिला महिना काहीच वाटत नाही आणि तिथेच सगळे सोडतात. जळका, विचित्र वास यायला लागणं हे पुष्कळदा नस परत वाढत असल्याचं लक्षण असतं, तेव्हा घाबरू नकोस. एकदा कान-नाक-घसावाल्यांना दाखव, नाकात पॉलिप (मऊ गाठ) वगैरे नाही ना ते कळेल. घरी गॅस बंद केला का हे डोळ्यानेच बघायची सवय लाव, आणि वॉर्डात जोडीदारीणीला सांगून ठेव, ह्यात लाज कसली.

प्रश्न : सगळं करून बघितलं, योगा, तेल, डायरी. आता काहीच वाटत नाही. पेशंट गेला तरी काही वाटत नाही, बेड रिकामा झाला एवढंच. सकाळी बस आली की वाटतं तिच्याखाली जावं. हे छापू नका वाटल्यास. *(ठिकाण नको)*

उत्तर : तुला मी त्याच दिवशी फोन केला होता, तेव्हा तू छापा म्हणालीस म्हणूनच हे छापते, कारण आणखी कुणीतरी हेच मनात घेऊन बसलेली असणार. हा थकवा तेलाने जाणारा नाही आणि हा तुझा कमकुवतपणा पण नाही. असा विचार येत असेल तर १४४१६ ह्या नंबरवर फोन कर, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण उचलतात, आणि कन्नडमध्ये लागला तरी भाषा निवडता येते, मराठी आहे त्यात. एकटी राहू नकोस, घरातल्या एकाला तरी हे वाक्य जसंच्या तसं सांग. आणि डॉक्टर. आपण पेशंटला गोळी चालू करायला सांगतो आणि स्वतःची वेळ आली की म्हणतो बघू नंतर. वॉर्डात ओळखीचे लोक बघतील ही भीती असेल तर हुबळीला नाहीतर कोल्हापूरला जा, दोन्हीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

प्रश्न : आमच्या परसात गवती चहा माजलाय. त्याचं तेल घरी काढता येईल का? पाय सुजतात ड्युटीने, त्याला लावायचं होतं. *(नंदगड)*

उत्तर : तेल नाही निघत गं घरी. त्याला वाफेवर काढायची भट्टी लागते आणि किलोभर पानांतून चमचाभर तेल निघालं तरी नशीब. यूट्यूबवर पानं तेलात उकळून दाखवतात ते म्हणजे गवती चहाची फोडणी.

तुझं काम पानांवरच होतंय. मूठभर पानं कातरून, दोन तांबे पाण्यात पाच मिनिटं उकळ, झाकण ठेवून. ते बादलीत ओत, वर गार पाणी, कोपर बुडवून बघ, बाळाच्या अंघोळीपेक्षा किंचित गरम. झोपायच्या तासभर आधी पाय पोटरीपर्यंत पंधरा मिनिटं बुडव. पाय गरम झाले की अंगातली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर येते, हे काम गरम पाण्याचं, वास आपला गंमतीला. पण सूज असेल तर त्यानंतर पाय उशीवर उंच करून पडायचं, आणि एकाच पायाला सूज असेल किंवा पोटरी दुखत असेल तर बादली राहू दे, सरळ डॉक्टर. डायबेटिस असेल तर पाणी गरम नको, कोमटच. नंतर पाय कोरडे पुसून सुती मोजे घाल, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि सासूबाईंना सांग, कुकर तेवढा बाराच्या आत लावू नका म्हणून.